नजर लागू नये म्हणून

आमच्या घरात माझी तारीफ करायला बंदी होती. आता बंदी म्हटलं तर कोणी भिंतीवर लिहून ठेवलेलं नव्हतं. पण देवघरात चपला घालून जायचं नाही हे जसं कोणाला शिकवावं लागत नाही, तसंच ते होतं. बाहेरचं कोणी आलं आणि चहाचा घोट घेता घेता सहज म्हणालं, "पोरगी मोठी गुनाची दिसते वो तुमची," की आई पोळपाटावरून तशीच उठून बाहेर यायची, कणकेच्या हातानं. "कायची गुनाची वो बाप्पा! गोटा हाये नुसता. सांगतलं एक तं करते दुसरं." एवढं बोलून झालं की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती परत आत जायची. पाहुणं कानकोंडं व्हायचं. मी तिथंच असायचे, बहुतेक वेळा त्याच पाहुण्यापुढे पोह्यांची ताटली धरून. वाईट वाटायचं का, असं लोक मला फार विचारतात. नाही वाटायचं. पोहे थंड होऊन राह्यले, हा माणूस ताटली घेत का नाही, एवढंच वाटायचं.

ह्यामागचं कारण मला शेजारच्या गोदाकाकूनं सांगितलं. माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली होती. आधी एक मुलगा, त्याच्या पाठीवरची मुलगी मंदा. दोघंही रांगायला लागेपर्यंत धडधाकट होती, मग तापाचं निमित्त झालं. मुलाला कोणाच्या तरी लग्नात एका बाईनं मांडीवर घेतलं होतं आणि "राजाचं लेकरू दिसते" म्हटलं होतं, असं घरात सांगत. मंदाचं काय झालं ते कोणी सांगत नसे. त्यानंतर मी झाले. अशा मागून झालेल्या लेकराला नजर लागू नये, ते टिकावं, म्हणून आमच्याकडे जे जे करतात ते सगळं माझं केलं. मला फाटक्या लुगड्यात गुंडाळून उकंड्यावर, म्हणजे गोठ्यामागच्या शेणकेराच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. गोदाकाकू ठरल्याप्रमाणे तिकडून आली आणि "अवं माय, हे कोनाचं टाकलं वो?" असं मोठ्यानं म्हणत तिनं मला उचलून घरी नेलं. मग आई तिच्या दारात गेली आणि सूपभर कोंडा देऊन मला विकत घेऊन आली. गोदाकाकू ही गोष्ट ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत सांगायची आणि सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "कोंड्याच्या भावात आनलेलं लेकरू यमाले कायले पायजे वो? थो म्हनन, राहू द्या, बिनकामाचं हाये." मीही हसायचे. गोष्ट चांगलीच होती.

नाव धोंडी ठेवलं. शाळेत घालताना गुरुजींनी पटावर रेखा लिहिलं, पण रेखा म्हणून हाक मारली की मला ओ द्यायला जरा वेळच लागायचा. कपडे दुसऱ्यांकडून मागून आणलेले. गरज होती म्हणून नाही, बाबांचं दुकान बरं चालायचं; पण मागून आणलेल्या कपड्यातल्या लेकराकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, असा हिशेब. भाकरी टम्म फुगली तर ती सुमीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, आणि कडेला चिरलेली मला. सुमीची मात्र सगळ्यांनी खुशाल तारीफ करावी. सुमी गोरी आहे, सुमी नाचते छान, सुमीच्या हातची रांगोळी पाहा. मी एकदाच आईला विचारलं होतं, काऊन वो, हिले नाई का लागत नजर? आई म्हणाली, "थे तुह्या आडोशानं आली. तू पुढं हायेस ना उभी." म्हणजे शेतात बुजगावणं असतं, त्यामागच्या कणसासारखी सुमी. मला हे उत्तर पटलं होतं. अजूनही त्यात चूक काढता येत नाही.

बाबांचं आष्टीच्या बाजारात बांगड्या, रिबिनी, टिकल्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आमचं घर, मध्ये एक खाकी पडदा. त्यामुळे दुकानातलं सगळं घरात ऐकू यायचं. बांगड्यांच्या खोक्यांची खळखळ, बायकांची घासाघीस, समोरच्या चक्कीची दिवसभरची पुकपुक, आणि ह्या सगळ्यावर बाबांचा आवाज. बाबा तारीफ करण्यात वस्ताद. बोटभर लाल रिबीन हातावर फिरवून म्हणायचे, "वहिनी, हे पाहा. हात लावून पाहा. असा रंग तुमाले वर्ध्यालेबी नाई भेटनार. पोरीच्या येनीत घातली तं अख्खी शाळा वळून पाहीन." मी पडद्यामागे ज्वारीच्या कण्या शिजवत बसलेली असायचे. चुलीवर कण्या रटरट करायच्या, आई अंबाडीची भाजी फोडणीला घालायची, लसणाचा वास पुढे दुकानात जायचा आणि गिऱ्हाइकं विचारायची, काय शिजून राह्यलं आज? बाजाराच्या दिवशी तळेगावपर्यंतची माणसं यायची, तेव्हा पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा असायचा आणि बाबा उभ्या उभ्या जेवायचे. तोंडात घास असतानाही टिकल्यांच्या पाकिटांची तारीफ थांबत नसे. त्यांनी माझ्याबद्दल कधी वाकडा शब्दही काढला नाही आणि सरळही नाही. तो आईचा विभाग होता.

आता कोणी म्हणेल, कारण माहीत होतं ना तुला? नजर लागू नये म्हणून आई असं बोलते हे ठाऊक होतं, तर मग काय बिघडलं? मीही हे स्वतःला बरेचदा विचारलं आहे. पण माहीत असणं डोक्यात असतं. रोज सकाळ-संध्याकाळ गोटा, बिनकामाची, हिच्यानं काय होते, हे कानात पडत राहतं, ते डोक्यात जात नाही, ते दुसरीकडेच कुठंतरी जाऊन बसतं. सुरुवातीला मला वाटायचं की आई खोटं बोलते आहे. मग वाटायला लागलं की खोटं बोलता बोलता तिला सोपं जातं आहे, कारण ते खरंच आहे. आणि पुढं पुढं तर काही वाटेनासंच झालं. पाय दुमडून फार वेळ बसलं की तो आपला वाटत नाही, तसं काहीसं. गणितात मला सगळं यायचं. भूमितीची आकृती फळ्यावर काढून होण्याआधी उत्तर दिसायचं. पण ते हुशारीचं लक्षण असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही. वाटायचं, गणितच सोपं असतं, बाकीच्या पोरी उगाच नखरे करतात.

माझ्या मुलीच्या वेळी मी शपथच घेतल्यासारखं केलं. ती जेवली, शाबास. तिनं चित्र काढलं, शाबास, काय सुंदर गं. आता ती नोकरीला लागली आहे आणि परवा मलाच म्हणाली, "आई, तू इतकं शाबास-शाबास करायचीस की त्याला काही अर्थच उरला नव्हता." घ्या! म्हणजे आईनं केलं तेही चुकलं आणि मी केलं तेही. मी चहा ठेवला.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आमचे गणिताचे सर स्वतः दुकानात आले. शाळेत मी पहिली आले होते, आणि गणितात तर आजवर त्या शाळेत कोणाला मिळाले नव्हते इतके गुण होते. सर पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं बोलत होते, आईला ऐकू जावं म्हणून. आई बाहेर आली. तिचा चेहरा कोणी मेल्याची बातमी ऐकल्यासारखा झाला. "हळू बोला ना सर," ती म्हणाली, "लोक आयकून राह्यले." संध्याकाळी बाबांनी पेढे आणले. आईनं ते ताटात मांडले, वर रुमाल घातला आणि ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "गल्लीत देऊन येजो. म्हनजो, सुमी सातवी पास झाली म्हून हायेत." मी घरोघर गेले. सुमी सातवी पास झाली, पेढे घ्या. लोक म्हणाले, वा वा. गोदाकाकूनं पेढा घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्धा पेढा मोडून माझ्या तोंडात कोंबला. गोड होता.

सरांचं म्हणणं होतं की हिला सायन्सला घाला, वर्ध्याला पाठवा. तिकडे नालवाडीच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या मुली शहरातल्या कॉलेजात जात, राहण्या-जेवण्याची सोय चांगली, पण मुलगी निवडून घेत. आई आणि मुलगी दोघींना बोलावून वसतिगृहाच्या बाई बोलत आणि मग ठरवत. मला वाटलं होतं आई नाही म्हणेल. पण ती लगेच तयार झाली. "माह्या डोयाआड राहीन थे बरंच हाये हिच्यासाठी," एवढंच म्हणाली. तेव्हा मला ह्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, हिला कंटाळा आला असेल माझा, साहजिक आहे.

बाबांना माल आणायला जायचं होतं म्हणून आम्ही दोघीच निघालो. एसटी तळेगाव, आर्वी करत वर्ध्याला पोचेपर्यंत आई डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. वसतिगृहाच्या बाई पांढऱ्या सुती साडीतल्या, कडक पण वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माझी गुणपत्रिका पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा," त्या म्हणाल्या, "मुलगी तर फारच हुशार दिसते."

मी आईकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढं काय येणार ते मला पाठ होतं. आई खुर्चीच्या टोकावर आली. "कायची हुशार वो बाई. गोटा हाये. घरी काई येत नाई हिले."

बाई हसल्या. आया असं म्हणतातच, असं त्यांना वाटलं असेल. त्या म्हणाल्या, "असं कसं? हे गणिताचे गुण बघा. हे काही उगाच मिळत नाहीत. अशी मुलगी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही." त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि तीच पंचाईत झाली. वरवरचं कौतुक असतं तर आईचं गोटा त्याला पुरलं असतं. पण हे कौतुक भारी होतं, त्यावर उताराही तसाच भारी हवा. मी पाहिलं, आईच्या कपाळावर घाम आला होता. ती शोधत होती, काय बोलावं. आणि मग बोलली, "लिवलं असन कोनाचं पाहून. हिले कुठचं येते एवढं?"

बाईंचं हसू गेलं. त्या काळी आमच्या भागातल्या परीक्षा केंद्रांचं नाव ह्या बाबतीत काही फार चांगलं नव्हतं. खिडकीतून चिठ्ठ्या, भिंतीवरून चिठ्ठ्या, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी गुणपत्रिका खाली ठेवली आणि मला विचारलं, "काय गं? खरं आहे का हे?"

मला इथं थांबून सांगायला पाहिजे की त्यावेळी नेमकं काय झालं, कारण पुढं सगळं आयुष्य मी त्याच जागी अडखळत आले आहे. मी आठवायला लागले. खरोखर आठवायला लागले, की मी कोणाचं पाहून लिहिलं होतं का. माझा बाक खिडकीशी होता, शेवटचा. पुढे एक मुलगी होती, तिला गणितात काठावर पास व्हायचीही खात्री नव्हती. मागे भिंत. पाहायला कोणी नव्हतंच. तरी मी शोधत होते. आई म्हणते आहे म्हणजे कुठंतरी काहीतरी असेल. माझ्याच हातानं लिहिलेला पेपर मला परका वाटायला लागला. बाई थांबल्या होत्या, आई खाली पाहत होती, बाहेर कोणी मुली हसत होत्या. शेवटी मी म्हणाले, "मले नाई आठवत."

बाईंनी आम्हाला चहा पाजला आणि पुढच्या वर्षी बघू असं म्हणाल्या. चहा पाजून नाही म्हणणं हे वर्ध्याचं वळण, आष्टीत तोंडावर नाही म्हणतात. परतीच्या एसटीत आई एकदम मोकळी झाली होती. तिनं डबा उघडला, ठेचा आणि भाकर काढली, माझ्या हातावर ठेवली. तिच्या लेखी संकट टळलं होतं. मी जेवले. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा पडद्याच्या आत येऊन बसले. आई मिरच्यांची देठं काढत होती, मी निवडलेल्या मिरच्या टोपलीत टाकत होते. बाबांनी विचारलं काय झालं, आणि मी जसंच्या तसं सांगितलं, बाई काय म्हणाल्या, आई काय म्हणाली, मी काय म्हणाले. बाबा माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"पाहून लिवलं म्हनली तू? थ्या बाईच्या पुढं?"

"मंग काय म्हनू? लागल्या होत्या तारीफ कराले. थांबूनच नाई राह्यल्या."

"अवं, तिनं खरं धरलं ना! घरातली मायच म्हनते पोरगी चोट्टी हाये, तं थे कायले घेईन? जाय उद्या, आन् सांगजो खरं काय थे."

"तुमी जा."

"मी जाऊन काय उपयोग?" बाबा म्हणाले. "दुकानदार मानूस मी. आपल्या मालाले चांगलंच म्हनीन, हे काय त्या बाईले कयत नाई? तू बोललीस, तुलेच वापस घ्या लागन."

आई देठं काढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मंदीले कोनं खाल्लं ठाव हाये ना तुमाले?"

बाबा म्हणाले, "जाऊ दे थे आता."

"मी खाल्लं. दुसऱ्या कोनाचं नाव नका घेऊ. न्हाऊ घातलं, पावडर लावली, उन्हात बसवलं आन् मीच म्हनली, माह्या मंदीवानी अख्ख्या आष्टीत कोनाची नाई. ह्या तोंडानं म्हनली. त्याच रात्री आंग तापलं तिचं." ती माझ्याकडे न पाहता माझ्याशी बोलली, "मायची नजर सगळ्यात खराब असते. दुसऱ्याची उतरते मीठमोहरीनं. मायची नाई उतरत."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आई मला लोकांपासून लपवते. ती मला स्वतःपासून लपवत होती. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आज लिहिताना येतं आहे, तेव्हा आलं नाही. मी मिरच्या टोपलीत टाकत राहिले आणि हातांची आग आग व्हायला लागली तेव्हा उठून ते धुऊन आले.

बाबा म्हणाले, "मंग राहू दे. पोरगी राहीन घरी. पुढच्या वर्षीपासून दुकानात बशीन."

"तुले जायचं हाये का वो?" आईनं मला विचारलं.

मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मला उत्तर शोधावं लागलं. आत पाहिलं, आणि तिथं सापडलं. मला जायचं होतं. फार जायचं होतं. इतकं, की मला स्वतःचीच भीती वाटली. गोट्याला कुठं जायचं असतं? तरी मी म्हणाले, "जायचं हाये."

आईनं मान हलवली आणि पुढची मिरची उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ती लग्नातली साडी नेसून बसली होती. माझ्या कानामागं तिनं काजळ फासलं, थोडंथोडकं नाही, अंगठाभर, आणि माझ्या ओढणीच्या टोकाला मीठ बांधलं. गोदाकाकू ओट्यावरून म्हणाली, "कुठं निंगल्या वो मायलेकी?" आई म्हणाली, "कुठंच नाई."

जागा मिळाली, हे इथंच सांगून टाकते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पुढची दोन वर्षं मी तिथंच राहिले आणि पुढचं शिक्षणही झालं. आईसुद्धा छान म्हातारी झाली. आता ती सुमीकडे असते, दात नाहीत, आणि मी गेले की सुमीच्या सासरच्यांना सांगते, ही धोंडी, हिले काई येत नाई. मी कॉलेजात गणित शिकवून आता निवृत्तीला आले आहे. पण त्या दिवशी बाईंच्या खोलीत जे झालं ते ह्या सगळ्याहून वेगळं आहे, म्हणून तेवढं राहिलं आहे.

बाई टेबलाशी लिहीत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पेन ठेवलं. "परत आलात?" त्यांनी बसा म्हटलं नाही. आई मध्यभागी उभी राहिली, मी तिच्या मागे दाराजवळ. तिच्या पदराचं टोक हातात पिळवटून दोरीसारखं झालं होतं. बाई म्हणाल्या, "बोला." आई म्हणाली, "पानी भेटन का?" तिला पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. मला वाटलं, चला आता, नाही होणार हे हिच्यानं. मला तिची कीव आली. मी म्हणणारही होते, आई, चल घरी, चारची गाडी भेटन.

तेवढ्यात तिनं पेला टेबलावर ठेवला आणि वळून माझ्याकडे एकदा पाहिलं, पटकन, चोरून पाहावं तसं. मग तिनं माझ्याकडे पूर्ण पाठ केली. इतकी, की बाईंकडेही तिची बाजूच आली आणि तोंड कोपऱ्यातल्या कपाटाकडे. डोळे मिटून घेतले असावेत. मला दिसत नव्हते, पण बाईंच्या चेहऱ्यावरून मला तसं वाटलं.

"परवा मी खोटी बोलली, बाई," आई कपाटाला म्हणाली. "तिनं कोनाचं पाहून नाई लिवलं. तिले पाहा लागतच नाई. लहानपनापासून एकदा आयकलं का तिच्या ध्यानात राह्यते. कामाची हाये, उलटून बोलत नाई, कोनाचं वाईट चिंतत नाई." तिचा श्वास पुरेना. ती थांबली, आणि मग एकदम, उंच आवाजात, जणू आत कुठंतरी अडकलेलं निखळून बाहेर पडावं तसं म्हणाली, "लय हुशार पोरगी हाये थे. देखनीबी हाये. तिच्यावानी लेकरू मी नाई पाह्यलं. कोनाचंच नाई पाह्यलं."

इतक्या जिव्हाळ्यानं आई कोणाबद्दल बोलते आहे ते मला कळेना. सुमीबद्दलही ती असं कधी बोलली नव्हती. मी मागे वळून पाहिलं. दारात एक मुलगी उभी होती, पाण्याची बादली घेऊन, माझ्याच वयाची, लांब वेणीची, आत यायला थांबलेली. मला वाटलं, ही असेल. आणि मी भिंतीला टेकून बाजूला झाले, तिला पुढं जायला वाट दिली.